मुलांस विद्येची गोडी कशी लागेल?

(तालुक्यातील शिक्षक व पालक यांच्या सभेत एका खेड्यातील शिक्षकाने केलेले भाषण.)



आज बोलण्यासाठी आम्हास जो विषय नेमून दिला आहे तो असा की, वर्गातील मुलांच्या ठिकाणी शिकण्याची उमेद शिक्षकाने कशी उत्पन्न करावी. विषय ऐकल्याबरोबर आमच्या मनात आले ते हे की, हा प्रश्नच थोडा उलटा घातला गेला आहे. उमेद उत्पन्न करावयाची म्हणजे ती मुळात नाही, असे आपण धरून चाललो. आम्ही वीस वर्षांहून अधिक काळ खेड्याच्या शाळेत खडू झिजवीत आहोत, आणि पहिलीच्या वर्गात शिकण्याची इच्छा नसलेले मूल आम्ही अद्याप पाहिले नाही. पाचवीत मात्र अशी मुले पुष्कळ पाहिली. तेव्हा मधल्या चार वर्षांत त्या उमेदीचे काय झाले, हा खरा प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर शोधताना आम्हा शिक्षकांस प्रथम आपल्याच पायाखाली काय जळते ते पाहिले पाहिजे.

आम्ही दुसऱ्यांस दोष देण्यासाठी येथे उभे नाही. म्हणून आरंभ आमच्याच अपराधापासून करतो.

ट्रेनिंग कॉलेजातून बाहेर पडून आम्ही पहिल्या गावी रुजू झालो तेव्हा अंगात मोठा उत्साह होता. वर्ग शिस्तीत चालला पाहिजे, वेळेवर भरला पाहिजे, हे डोक्यात पक्के. वर्गात कुंभाराचा एक मुलगा होता. घरी आवा लावावयाचा असला म्हणजे त्यास यावयास उशीर होई. कारण गोवऱ्या रचणे, मडकी उचलून देणे ही कामे पोरांचीच. एके दिवशी तो अर्धा तास उशिरा आला. हाताला माती तशीच. आम्ही फळ्यावर लिहीत होतो, मागे वळून म्हणालो, "आले का कुंभाराचे गाढव?" वर्ग हसला. आम्हीही हसलो. तो जाऊन जागेवर बसला. त्यानंतर चार दिवस आला, आणि पाचव्या दिवसापासून आला नाही.

पंधरा दिवसांनी आम्ही त्याच्या घरी गेलो. मुलगा आतल्या खोलीत जाऊन बसला, तो बाहेर आला नाही. त्याच्या आईने आम्हास पाणी दिले, बसावयास घोंगडी टाकली आणि, "त्याला आता कामाला लावलाय गुरुजी," एवढेच सांगितले. आम्ही काय बोललो होतो हे तिला ठाऊक होते की नाही, हे आम्हास विचारवले नाही. पुढे आठ-दहा वर्षांनी बाजारात त्याच मुलापाशी आम्ही दोन माठ आणि काही पणत्या घेतल्या. त्याने सगळा हिशेब तोंडी केला, अचूक केला, सुटे परत दिले. ओळख मात्र दाखविली नाही.

मंडळी, त्या मुलास गणित येत नव्हते असे नाही. त्यास शिकावयाचे नव्हते असेही नाही. आम्ही एका वाक्याने त्याच्या बापाचा धंदा, त्याची जात आणि त्याच्या हाताची माती ही सर्व भर वर्गात हसण्यावारी नेली. हजेरीपत्रकावर आम्ही त्याच्या नावापुढे "सतत गैरहजर" असे लिहिले. "शिक्षकाने घालविला" असा रकाना हजेरीपत्रकात नसतो.

ही काही आमची एकट्याची कबुली म्हणून सोडून देण्यासारखी गोष्ट नाही. उत्तर प्रदेशात सहावी-सातवीतील सहाशेहून अधिक मुलांवर एक प्रयोग झाला. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या दोन विदुषींनी तो केला, आणि त्याची हकीकत 2004 साली प्रसिद्ध झाली. निम्मी मुले वरच्या मानलेल्या जातींची, निम्मी खालच्या मानलेल्या. त्यांना कागदावरील भूलभुलैयाची कोडी सोडवावयास दिली. वाट शोधून बाहेर पडावयाचे. कोणाचीही जात पुकारली नव्हती तेव्हा दोन्हीकडच्या मुलांच्या कामात लक्षात घेण्याजोगा फरक दिसला नाही. दुसऱ्या काही गटांत आरंभीच प्रत्येकाचे नाव, गाव, बापाचे नाव आणि जात सर्वांसमक्ष वाचून दाखविली. बस, एवढेच केले. कोणास कोणी शिवी दिली नाही, कोणास मारले नाही. तरी खालच्या मानलेल्या जातींच्या मुलांनी सोडविलेल्या कोड्यांची संख्या सुमारे पाचव्या ते चौथ्या हिश्श्याने खाली आली. मुलांची डोकी तीच, कोडी त्याच प्रकारची. मध्ये आली ती फक्त पुकारलेली जात.

शाळेत जात कोण पुकारतो, असे काही शिक्षकमित्र म्हणतील. अहो, आपणच पुकारतो. शिष्यवृत्तीचे अर्ज भरावयाचे दिवस आठवा. वर्गाच्या दारात उभे राहून आपण मोठ्याने म्हणतो, "त्या जातीची मुले उभी राहा, तुमचे दाखले अजून आले नाहीत." शिष्यवृत्ती ही मुलांच्या भल्याची, आणि ती देताना आपण त्यांस चाळीस मुलांपुढे उभे करून खूण लावतो. अर्ज भरावयाचा तर मुलास मधल्या सुट्टीत जवळ बोलवावे, आईबापांस निरोप धाडावा. यास पैसा लागत नाही, फक्त दहा पावले अधिक चालावी लागतात.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या साताऱ्याच्या शाळेतील आठवण लिहून ठेवली आहे. बसावयास त्यांस वेगळे गोणपाट असे, आणि शिपाई हजर नसला तर नळ उघडून देणारा कोणी नाही म्हणून तहानेलेच राहावे लागे. त्यातूनही ते शिकले, म्हणून कित्येक लोक म्हणतात की, ज्यास शिकावयाचे आहे तो कसाही शिकतो. आम्हास हे बोलणे फार घातक वाटते. त्या गोणपाटांवर बसलेली दुसरी किती मुले शाळा सोडून गेली, त्यांची मोजदाद कोणी केली? एक झाड खडकात उगवले म्हणून शेतकरी खडकात पेरणी करीत नाही.

आता भाषेविषयी थोडे. आमच्या भागातील मुले घरी "व्हतं", "न्हाई", "हाये" असे बोलतात. मूल उत्तर देण्यास उभे राहते, "गुरुजी, आमच्या रानात साप व्हता..." आणि आम्ही त्यास तेथेच अडवितो: "व्हता नाही, होता म्हण." मूल "होता" म्हणते आणि खाली बसते. साप राहिला बाजूस. तो साप किती लांब होता, कोठे गेला, त्यास कोणी मारले की जाऊ दिले, हे सर्व त्याच्या पोटातच राहिले, आणि दुसऱ्या दिवसापासून ते मूल हात वर करीनासे झाले. पुस्तकी भाषा शिकविली पाहिजे यात शंका नाही; ती आली नाही तर अर्ज लिहिता येणार नाही, कचेरीत कोणी ऐकून घेणार नाही. पण आधी सापाची गोष्ट पुरी ऐकावी. मग फळ्यावर एका बाजूस घरचा शब्द, दुसऱ्या बाजूस पुस्तकातला शब्द असे दोन्ही लिहावे. आमच्या वर्गात असा एक तक्ता आहे, आणि त्यात मुले स्वतः होऊन भर घालतात. घरच्या बाजूचे शब्द आम्हासही पुष्कळदा नवे असतात.

ज्योतीराव फुले यांनी 1882 साली हंटर कमिशनपुढे जे निवेदन केले, त्यात खेड्यातील शिक्षक कसा असावा हे सांगितले आहे. वेळ पडली तर ज्यास नांगराची मूठ किंवा सुताराची वाकस हाती धरण्याची लाज वाटत नाही, आणि जो खालच्या थरातील लोकांत सहज मिसळतो, असा शिक्षक त्यांस हवा होता. पुष्कळ दिवस आम्ही याचा अर्थ शिक्षक कोणत्या घरातला असावा एवढाच घेत होतो. आम्ही स्वतः शेतकऱ्याच्या घरचे. तेव्हा आम्ही त्या कसोटीस उतरलोच असे वाटे. पण कुंभाराच्या मुलास गाढव म्हणणारे आम्हीच होतो! नांगराच्या घरी जन्मून काय उपयोग, जर वर्गात पाऊल टाकताच नांगर दाराबाहेर ठेवला? सदरा बदलला की माणूस आपल्याच आईबापांचे काम विसरतो, हा रोग आमच्या समाजात फार आहे, आणि शिक्षकास तो लवकर जडतो.

त्या रोगावर आम्ही एक औषध करून पाहिले, त्याची हकीकत सांगतो.

आमच्या गावी कांदा होतो. सहावीच्या मुलांस दशांश अपूर्णांक काही केल्या समजेनात. पुस्तकातील उदाहरणे फळ्यावर दहा वेळा सोडविली. मुले जांभया देत. एक दिवस आम्ही सांगितले की, घरी बाजारातून आलेली मालाची पट्टी असेल तर उद्या घेऊन या. दुसऱ्या दिवशी अकरा पट्ट्या आल्या. कोणी खुंटीच्या पिशवीतून काढलेली, कोणी देवापाशी ठेवलेली, एकीवर हळदीचे डाग. गोण्या किती, वजन किती, दर काय, हमाली किती, तोलाई किती, हातात काय आले, हे सर्व त्या कागदावर होते. जो कागद घरात आणताना बापाचे तोंड उतरलेले मुलांनी पाहिले होते, तोच कागद शाळेत धडा होऊन आला. त्या दिवशी जांभई कोणी दिली नाही.

एका मुलीच्या पट्टीत बारा गोण्या होत्या, वजन सहा क्विंटल चोवीस किलो, दर क्विंटलला 1,450 रुपये. तिने मांडणी केली: सहा क्विंटलचे 8,700, किलोला साडेचौदा रुपये म्हणजे चोवीस किलोचे 348, एकूण 9,048. पट्टीवर आकडा होता 8,648. तिने पुन्हा केले. शेजारच्या मुलाकडून करविले. मग पाटी घेऊन आमच्याकडे आली आणि हळूच म्हणाली, "गुरुजी, माझं चुकलं असंल, पर चारशे रुपये कमी दिसत्यात." आम्ही तपासले. तिचे चुकले नव्हते.

तिचा बाप पुढच्या बाजारी पट्टी घेऊन गेला. व्यापाऱ्याने कागद पाहिला, लिहिण्यात चूक झाली म्हणाला, आणि चारशे रुपये मोजून दिले. चूक होती की आणखी काही, ते आम्ही सांगू शकत नाही. पण तो गृहस्थ सात-आठ वर्षे माल घालीत होता आणि पट्टी फिरून मोजण्याचे त्याच्या कधी मनात आले नव्हते. ही बातमी गावात एका संध्याकाळात पसरली. पुढच्या आठवड्यात आमच्या वर्गात अकरा नव्हे, सव्वीस पट्ट्या होत्या. त्यांत सातवीच्या मुलांनी आणलेल्याही होत्या, आणि दोन तर शाळेत मूल नसलेल्या घरांतून आल्या होत्या. सगळ्या बरोबर निघाल्या. मुलांस त्याचे थोडे वाईटच वाटले!

आमची शाळा सातवीपर्यंत. पुढची शाळा पाच किलोमीटरवर. त्या मुलीस सातवीनंतर घरी बसवावयाचे असे ठरलेले होते, हे आम्हास तिच्या चुलतीकडून कळले होते. वर्ष संपता संपता तो गृहस्थ आम्हास पारावर भेटला आणि म्हणाला, "गुरुजी, पोरगी आठवीला जाते म्हनती. सायकल केवढ्याला पडंल वो?"

यावर कोणी म्हणेल की, हे पैशाच्या लोभाने झाले. आम्हास तसे वाटत नाही. चारशे रुपये बापाच्या खिशात गेले. मुलीस मिळाले ते वेगळे होते. आपण शिकलेल्या गोष्टीने घरातील एक खरे काम झाले, आणि मोठ्या माणसांनी ते मानले. या दोहोंतला फरक शिक्षकाने ओळखला पाहिजे, कारण बक्षिसांच्या बाबतीत आपण नेमके येथेच फसतो. अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे लहान मुलांच्या शाळेत झालेला एक प्रयोग 1973 साली प्रसिद्ध झाला. चित्रे काढण्याची हौस असलेली मुले निवडली. काहींस आधीच सांगितले की, चित्र काढलेस तर फीत लावलेले प्रशस्तिपत्र मिळेल. काहींस न सांगता ते दिले. काहींस काहीच दिले नाही. पुढे आपखुशीने चित्रे काढण्याची वेळ आली तेव्हा ज्यांना आधी आमिष दाखविले होते ती मुले इतरांच्या मानाने निम्माच वेळ चित्रांपाशी रमली. जे काम हौसेचे होते ते मजुरीचे झाले. मजुरी थांबली, काम थांबले.

तर मग ज्योतीरावांनी त्याच निवेदनात शिष्यवृत्त्या आणि सहामाही बक्षिसे मागितली ती कशी, असा प्रश्न निघेल. उत्तर सरळ आहे. ते गुरे राखण्यास लागणाऱ्या पोरांविषयी बोलत होते. पोर शाळेत गेले की घरातील दोन हात कमी होतात, ही खोट गरिबास सोसत नाही. म्हणून ती कोणी तरी भरून दिली पाहिजे. मोफत पुस्तके, दुपारची खिचडी, शिष्यवृत्ती ही सर्व त्या जातीची मदत आहे आणि ती पुरी मिळालीच पाहिजे. त्यात काटकसर करणाऱ्यास आमचा विरोध राहील. पण वर्गात बसलेल्या मुलास पाढा म्हणण्याबद्दल गोळी देणे ही मदत नव्हे. दार उघडण्यासाठी पैसा लागतो. आत आल्यावर मूल रमते ते दुसऱ्या कारणाने.

छडीविषयी अधिक बोलत नाही. 2009 च्या शिक्षण हक्काच्या कायद्याने, 17 व्या कलमान्वये, मुलास मारण्यास आणि त्याचा मानसिक छळ करण्यास मनाई केली आहे. मारणे बरेच कमी झाले. दुसरा अर्धा भाग आपण वाचीतच नाही. जिभेने केलेला मार अंगावर दिसत नाही म्हणून तो अजून चालू आहे. आणि पालकहो, तुम्ही शाळेच्या दारात येऊन, "मारा पण शिकवा," म्हणता, तेव्हा मूल ते ऐकत असते. आपल्या बाजूचे येथे कोणी नाही असे त्यास वाटते.

आणखी एक लहानशी युक्ती आम्हा शिक्षकांपुरती. प्रश्न विचारल्यावर आपण किती वेळ थांबतो? मेरी बड रो नावाच्या बाईंनी अमेरिकेतील वर्गांतून हे मोजून पाहिले. 1974 साली त्यांचे लिखाण प्रसिद्ध झाले. शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात, आणि उत्तर आले नाही की दुसऱ्यास उठवितात किंवा स्वतः सांगून टाकतात. तेच तीन सेकंद थांबले की उत्तरे लांब येतात, आणि ज्यांस आपण मठ्ठ समजतो ती मुलेही बोलू लागतात. आम्ही हे करून पाहिले. तीन सेकंद फार मोठे असतात हो! जीभ आवरत नाही. आम्ही मनात एक, दोन, तीन असे सावकाश मोजतो. मागच्या बाकावर एक धनगराचा मुलगा आहे. तीस-बत्तीस मेंढरे वाड्यात शिरताना एक कमी आहे आणि ते कोणते, हे तो न मोजता सांगतो. वर्गात मात्र दोन वर्षे गप्प होता. तो तिसऱ्या अंकास बोलतो. दुसऱ्या अंकास कधीच नाही.

मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाकडे गेली पाहिजे, असे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला वारली मुलांसाठी करून दाखविले. मुले रानात गुरे राखीत होती, तर त्यांनी कुरणातच शाळा नेली. कुरणशाळा हे नाव त्यावरूनच पडले. आमच्या गावातून दसरा-दिवाळीच्या सुमारास नऊ घरे ऊसतोडीस जातात. त्यांची मुले फेब्रुवारी-मार्चात परत येतात तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो आणि ती पाहुण्यासारखी कोपऱ्यात बसतात. गेल्या वर्षापासून आम्ही त्यांस परत आल्यावर पहिला आठवडा धडा विचारीत नाही. फडात काय पाहिले, मोळी किती उसांची, ट्रॉलीत किती मोळ्या, कारखान्याचा काटा कसा असतो, हे ती मुले वर्गास सांगतात. फळ्यापाशी ती उभी असतात, आम्ही बाकावर बसतो. मागे पडलेला अभ्यास एवढ्याने भरून निघत नाही. तो संध्याकाळी वेगळा घ्यावा लागतो, आणि पुरता भरून निघतो असे आम्ही खोटे सांगणार नाही. पण गेल्या वर्षी त्या नऊ घरांतील एकाही मुलाने शाळा सोडली नाही.

आता पालकांपाशी आमचे मागणे थोडे आहे. ज्योतीराव स्वतः लहानपणी शाळेतून काढले जाऊन मळ्यात कामास लागले होते. त्यांची हुशारी पाहून गफार बेग मुनशी आणि लिजिट साहेब या दोन गृहस्थांनी गोविंदरावांची समजूत घातली, आणि 1841 साली ते पुन्हा शाळेत गेले. शेजाऱ्याचा एक शब्द इतके काम करतो. तेव्हा शेजारच्या घरातील मूल घरी बसलेले दिसले तर, आपले नव्हे, असे म्हणून गप्प बसू नका. मूल शाळेतून आले की, किती मार्क पडले, असे विचारण्याऐवजी आज काय केले ते विचारा. लिहितावाचता येत नसेल तरी विचारा. मूल तुम्हास शिकवील, आणि शिकविताना त्याचे स्वतःचे पक्के होईल. आणि आम्ही किंवा आमच्यापैकी कोणी तुमच्या मुलास जातीवरून, धंद्यावरून, कपड्यावरून बोललो तर पाणी देऊन आणि घोंगडी टाकून आम्हास वाटेस लावू नका. तोंडावर सांगा. त्या माउलीने त्या दिवशी आम्हास चार शब्द सुनावले असते तर ते मूल कदाचित परत आले असते.

येत्या शनिवारी सकाळच्या शाळेत आमच्या गावचे एक गवंडी दोरी, गुण्या आणि ओळंबा घेऊन येणार आहेत. घराचा पाया आखताना तीन, चार आणि पाच हातांच्या दोरीने काटकोन कसा धरतात ते ते सातवीच्या मुलांस अंगणात करून दाखवतील. पहिल्याने ते नकोच म्हणत होते. शाळेत आम्ही काय बोलणार, म्हणाले. त्यांचा नातू त्याच वर्गात आहे, त्याने ओढून कबूल करविले. पुढच्या शनिवारसाठी शिंपीकाकांस विचारले आहे, त्यांचे उत्तर अजून आलेले नाही. कुंभारवाड्यात आम्ही उद्या जाणार आहोत. ज्यांस सवड असेल त्यांनी शनिवारी आठ वाजता शाळेच्या अंगणात यावे. बसावयास सतरंजी आहे.